.२२ रायफलची भरकटणारी फैर : काडतुसे मोजून निवडल्याने ती थांबते का?

पन्नास मीटरवर .२२ रायफलने प्रोन, म्हणजे पालथे झोपून, नेमबाजी करणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. आठ-नऊ गोळ्या एकमेकींना चिकटून दहाच्या वर्तुळात पडतात आणि मग नेम, श्वास किंवा ट्रिगर यांत काहीही चुकल्याचे जाणवलेले नसताना एखादी गोळी नऊच्या खालच्या कडेला जाऊन बसते. नेमबाजाने ती मनात दहा म्हणून धरलेली असते, त्यामुळे संशय काडतुसांवर जातो. मग कोणीतरी सुचवते की रिमची, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेची, जाडी मोजणारे गेज आणा, वजनकाटा आणा, एकेक काडतूस मोजून गट पाडा आणि एका गटातली काडतुसे एकाच सामन्यात वापरा. या उपायात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात आणि तक्रार बहुधा तशीच राहते, म्हणून त्याचा नीट विचार करणे आवश्यक आहे.

आधी उत्तर सांगतो. चांगल्या प्रतीच्या, एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या खेपेच्या, मॅच (सामन्यासाठीच्या) काडतुसांची बाहेरून मापे घेऊन केलेली वर्गवारी नेमबाजाला टार्गेटवर ओळखू येईल इतका फरक सहसा पाडत नाही. सरावाच्या स्वस्त काडतुसांत टोकाची काडतुसे बाजूला काढण्यापुरता तिचा उपयोग होऊ शकतो. भरकटणाऱ्या फैरीचे मूळ मात्र बहुतेक वेळा फायरिंग पिनचा आघात, लॉटची निवड किंवा वारा यांपैकी कशात तरी असते, आणि कोकण किनारपट्टीवर या तिन्ही गोष्टींना दमट, खारट हवेची जोड मिळते.

काडतुसाच्या आत काय असते

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालापासून वापरात आहे आणि त्याची मूळ रचना आजही तीच आहे. त्यात स्वतंत्र प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, नसतो. पातळ पितळी पुंगळीच्या बुडाची कडा, म्हणजे रिम, आतून पोकळ असते आणि आघाताने पेटणारे मिश्रण त्या पोकळीत गोलाकार बसवलेले असते. फायरिंग पिन रिमच्या एका जागी आदळते, ती जागा चेपली जाते, मिश्रण पेटते आणि त्याच्या ज्वाळेने दारू पेटते. मॅच काडतुसात सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी, ०.६ ग्रॅमच्या घरातली पुंगळी आणि ०.०७ ग्रॅमच्या आसपास दारू असते. संपूर्ण काडतूस साधारण ३.३ ग्रॅम भरते.

रिमची जाडी मोजण्यामागचा तर्क चुकीचा नाही. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, किती पुढे जाऊन थांबेल हे रिमवर ठरते. अमेरिकी उद्योगमानकाप्रमाणे ही जाडी जास्तीत जास्त १.०९ मिमी असू शकते आणि प्रत्यक्षात ती त्याहून थोडी कमीच असते. रिम पातळ असेल तर ती आणि बोल्टचा, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाचा, पुढचा पृष्ठभाग यांच्यात फट राहते, पिनच्या आघाताचा काही भाग काडतूस पुढे सरकवण्यात खर्च होतो, मिश्रण कमी चेपले जाते आणि गोळीचा वेग बदलू शकतो. परंतु चांगल्या टार्गेट रायफलींचे मॅच चेंबर इतके आखूड आणि घट्ट असते की बोल्ट बंद होताना गोळीचा पुढचा भाग नळीतल्या आट्यांमध्ये किंचित रुततो. अशा रायफलीत काडतुसाला पुढे सरकायला मोकळीक फारशी उरत नाही, म्हणून रिमच्या जाडीतल्या दोन-तीन शतांश मिलिमीटर फरकाचा परिणाम तर्काने वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी होतो. सैल चेंबरच्या साध्या स्पोर्टर रायफलीत तो अधिक दिसू शकतो, आणि एकाला लाभलेला उपाय दुसऱ्याला न लाभण्याचे हे एक प्रामाणिक कारण आहे.

वजनाच्या बाबतीत हिशेबच विरुद्ध जातो. दारू दोन टक्क्यांनी कमी पडली तर वजनात सुमारे १.४ मिलिग्रॅमचा फरक पडतो. घरगुती काटे बहुधा १० मिलिग्रॅमच्या टप्प्याने वाचन देतात, आणि पितळेच्या व शिशाच्या वजनात काडतुसागणिक होणारा चढउतार त्या १.४ मिलिग्रॅमच्या कितीतरी पट असतो. म्हणजे जड भरलेल्या काडतुसात दारू जास्त आहे की पितळ, हे काटा सांगूच शकत नाही. हापूस वजनावर लावून पेटी भरली तरी आत साका आहे की नाही हे फळ कापल्यावरच कळते. इथेही नेमका तोच अडसर आहे. वेग ठरवणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, म्हणजे दारूचे प्रमाण, रिमच्या पोकळीत मिश्रण किती सारखे पसरले आहे, पुंगळीने गोळी किती घट्ट धरली आहे, त्यांतली एकही बाहेरून मोजता येत नाही.

वेगातल्या फरकाची किंमत किती, हेही पाहायला हवे. मॅच काडतुसाची गोळी सुमारे ३२५ ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने, म्हणजे मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाने, नळीतून बाहेर पडते आणि पन्नास मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेग १० मीटर प्रतिसेकंदाने घटला तर ती आणखी सुमारे ८ मिलिमीटर खाली पडते. पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर वर्तुळांमधले अंतर ८ मिलिमीटरच असते, म्हणून एवढ्या फरकाने पूर्ण एक गुण जातो. दशांश गुणांकनात ६० फैरींना जास्तीत जास्त ६५४ गुण मिळू शकतात आणि प्रत्येक दशांश केवळ ०.८ मिलिमीटरचा असतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवले ते पूर्णांक गुणांकनात ६०० पैकी ५९७ गुणांवर. त्या पातळीवर एका भरकटलेल्या गोळीला किती वजन असते हे यावरून लक्षात येईल. तेव्हा काडतुसांची चिंता करणे गैर नाही. प्रश्न इतकाच आहे की ती चिंता कोणत्या मापाने दूर होते.

आधी मोजमापाचीच परीक्षा घ्यावी

वर्गवारी करायचीच असेल तर पहिले काम असे करावे. वीस काडतुसे घ्यावीत, टार्गेटला लावतात तसल्या छोट्या गोल स्टिकरांवर क्रमांक लिहून ती क्रमाने मांडावीत, रिमची जाडी मोजून लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी जुने आकडे न पाहता पुन्हा मोजावी. शतांश मिलिमीटरचे गट पाडले असतील तर बरीच काडतुसे दुसऱ्या दिवशी शेजारच्या गटात गेलेली दिसतील. गोळीवरच्या मेणचट वंगणाचा रिमवर आलेला थर, गेजवर दिलेला कमीअधिक दाब, काडतूस किंचित तिरके बसणे, एवढ्यानेही आकडा बदलतो. ज्या मापाने एकच काडतूस दोन दिवसांत दोन गटांत जाते, त्या मापावर सामन्याची काडतुसे निवडण्यात अर्थ नाही. मोजताना रिमवर जोर देऊ नये आणि ती कधीही कशावर आपटू नये, कारण पेटणारे मिश्रण तिथेच असते. काडतूस उघडून दारू मोजण्याचा विचार तर मनातही आणू नये.

टार्गेटवरची चाचणी कुठे फसते

अनेकांचा अनुभव असा असतो की निवडलेल्या काडतुसांनी त्या दिवशी खरोखरच लहान ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा झुबका, दिला. तो अनुभव खोटा नसतो, पण त्याचे कारण निवड हेच असते असे नाही. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा आकार, रायफल आणि काडतुसे तीच असतानाही, निव्वळ योगायोगाने सरासरीच्या सुमारे पाव भाग वर-खाली होत असतो. सरासरी ग्रुप १४ मिलिमीटरचा असेल तर ११ आणि १८ मिलिमीटरचे ग्रुप काहीही न बदलता मिळत राहतात. निवडलेल्या व न निवडलेल्या काडतुसांचे प्रत्येकी दहा ग्रुप घेतले तरी दोन सरासऱ्यांमध्ये बारा टक्क्यांच्या आसपासचा फरक योगायोगाने सहज पडतो. दहा टक्क्यांची खरी सुधारणा खात्रीने दाखवायची तर प्रत्येक बाजूला शंभराहून अधिक ग्रुप लागतील, म्हणजे पाचशेहून अधिक काडतुसे. एवढ्या फैरी झाडल्याशिवाय ‘फरक पडला’ किंवा ‘पडला नाही’ यांपैकी काहीही ठामपणे म्हणता येत नाही.

कोकणात याच्या जोडीला खारे वारे आहेत. पावसाळा सोडला तर सकाळी लवकर जमिनीकडून येणारा मतलई वारा मंद होत जातो, मध्ये काही काळ हवा जवळजवळ थांबते आणि मग समुद्राकडून वारा सुटून दुपारपर्यंत वाढत जातो. ताशी साडेतीन किलोमीटरचा, म्हणजे १ मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा .२२ ची गोळी पन्नास मीटरवर ६ ते ७ मिलिमीटर सरकवतो. निवडलेली काडतुसे सकाळी शांत हवेत आणि उरलेली अकरा वाजल्यानंतर वापरली, तर जिंकतो तो वेळ, गेज नव्हे. किनाऱ्याजवळच्या रेंजवर केलेल्या बहुतेक तुलना याच एका कारणाने निकामी ठरतात असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर उपाय आहे, आणि तो कमी खर्चाचा आहे. मोजलेल्या काडतुसांतून सर्वांत पातळ रिमची पंचवीस आणि सर्वांत जाड रिमची पंचवीस वेगळी काढावीत. मधल्या काडतुसांना हातच लावू नये. शेजारी शेजारी दोन टार्गेटे लावावीत आणि एक गोळी डावीकडे, एक उजवीकडे अशा आळीपाळीने झाडावे, म्हणजे वारा, प्रकाश, नळीची उष्णता आणि थकवा यांचा वाटा दोन्ही बाजूंना सारखा येईल. कोणत्या बाजूची काडतुसे पातळ रिमची आहेत हे नेमबाजाला माहीत नसावे. ती सहकाऱ्याने एकेक करून हाती द्यावीत. शेवटी ग्रुपचा आकार न पाहता दोन्ही बाजूंच्या सर्व गोळ्यांची सरासरी उंची काढावी. दोन टोकांच्या गटांतही ती जवळजवळ सारखी आली, तर रिमच्या जाडीचा तुमच्या रायफलीतल्या वेगावर लक्षणीय परिणाम नाही आणि मधल्या काडतुसांचे आणखी बारीक गट पाडून काहीही हाती लागणार नाही. सरासरी तीन मिलिमीटर किंवा जास्त सरकली तर मात्र परिणाम खरा असण्याची दाट शक्यता आहे. चाचणी पुन्हा करावी आणि फरक त्याच दिशेने दिसला तर मोजण्याचे कष्ट जरूर घ्यावेत.

मग गोळी भरकटते कशाने?

भरकटलेल्या गोळ्या कोणत्या दिशेला जातात, हे आधी पाहावे. त्या बहुतांशी आडव्या जात असतील तर वारा किंवा कँट, म्हणजे रायफल बाजूला कलणे, हे कारण धरून चालावे. तिथे काडतुसांचा दोष शोधणे व्यर्थ आहे. उभ्या रेषेत, विशेषतः खाली, जात असतील तर वेग बदलतो आहे, आणि वेग बदलण्याचे किनाऱ्यावर सर्वांत दुर्लक्षित राहणारे कारण बोल्टच्या आत असते.

खाऱ्या हवेने गंज चढेल या रास्त भीतीने आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी बोल्टमध्ये सढळ हाताने तेल घातले जाते. ते तेल फायरिंग पिनच्या मार्गात साचते, धूळ आणि जळलेल्या दारूची राख शोषून घट्ट होते आणि पिनची गती कमी करते. आघात कमजोर आणि दर फैरीला वेगळा होतो. काडतूस पेटते, आवाजही नेहमीसारखाच येतो, पण मिश्रण कधी पूर्ण चेपले जाते तर कधी अर्धवट, आणि वेग तसा हलतो. थकलेली स्प्रिंग किंवा टोकाला झिजलेली पिन हेच करते. तपासणी सोपी आहे: झाडलेल्या पुंगळ्या क्रमाने ठेवाव्यात, भरकटलेल्या फैरीची पुंगळी वेगळी करावी आणि रिमवरच्या खुणा भिंगातून पाहाव्यात. खुणांची खोली कमीजास्त दिसली किंवा कडा बोथट दिसल्या, तर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे बोल्ट उघडून, पिन आणि तिचा मार्ग सॉल्व्हंटने पुसून कोरडा करावा आणि तेलाचा केवळ हात फिरवावा; ओघळ राहू देऊ नये. बाहेरील पोलादी भागांना मात्र तेलाचे संरक्षण हवेच. एखादे काडतूस पेटलेच नाही तर रायफल टार्गेटच्या दिशेने धरून किमान तीस सेकंद थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला तर पुढची फैर झाडण्यापूर्वी नळी मोकळी असल्याची खात्री करून घ्यावी.

बोल्ट ठीक असेल तर चेंबरच्या लगेच पुढे जमणारी कार्बनची रिंग पाहावी. ती कडक असते आणि नुसत्या कापडाने निघत नाही. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ मुरू द्यावा आणि मागच्या बाजूने, रॉड गाइड (सफाईची सळई सरळ धरणारी नळी) वापरून, ब्राँझचा ब्रश फिरवावा. स्वच्छ केलेल्या नळीतल्या पहिल्या दहा-वीस गोळ्या विखुरतात, कारण काडतुसाच्या मेणाचा थर नळीत पुन्हा बसावा लागतो. एका कंपनीच्या मेणचट वंगणाच्या काडतुसांवरून दुसऱ्या कंपनीच्या तेलकट वंगणाच्या काडतुसांवर जातानाही तेच होते, आणि त्या विखुरलेल्या गोळ्यांवरून नवी काडतुसे वाईट ठरवली जातात. दस्त्याचे स्क्रू निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला (पीळ देण्याच्या जोराला) आवळलेले आहेत का, हेही पाहावे. लाकडी दस्ता असेल तर जून-जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि हा ताण बदलतो. ग्रुप दोन तुकड्यांत विभागल्यासारखा दिसू लागला की पहिला संशय तिथे घ्यावा.

काडतुसे कशी ठेवली आहेत, यालाही महत्त्व आहे. वातानुकूलित खोलीतला डबा मे महिन्याच्या हवेत लगेच उघडला तर थंड काडतुसांवर दव धरते. डबा बंद ठेवूनच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या काडतुसांचे मेण मऊ होऊन एका बाजूला ओघळते आणि किनाऱ्याची बारीक वाळू त्याला चिकटते. वर्गवारी करताना बोटांनी हाताळलेल्या काडतुसांचेही थोडेफार मेण निघते, मऊ शिशाच्या टोकाला ओरखडा पडतो. मोजण्याच्या उपायात होणारे हे नुकसान कोणी हिशेबात धरत नाही.

लॉट

ज्याला मोजण्यात वेळ घालवण्याची तयारी आहे, त्याने तोच वेळ लॉट निवडण्यात घालवावा. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटांमध्ये एखाद्या विशिष्ट नळीतून पडणारा फरक वर्गवारीने मिळणाऱ्या कोणत्याही फरकापेक्षा मोठा असू शकतो, आणि ही गोष्ट निर्मातेही जाणतात. काडतुसे बनवणाऱ्या इले कंपनीची बर्मिंगहॅममध्ये आणि लापुआ कंपनीची जर्मनीतील शोनेबेक येथे चाचणी केंद्रे आहेत. तिथे नेमबाजाची रायफल पकडीत घट्ट बसवून तिच्यातून वेगवेगळ्या लॉटांची काडतुसे झाडली जातात आणि त्या नळीला मानवणारा लॉट निवडला जातो. इलेच्या मॅच काडतुसांच्या डब्यावर लॉट क्रमांकासोबत वेगही छापलेला असतो. जास्त वेगाचा लॉट चांगला किंवा कमी वेगाचा चांगला, असा नियम नाही. नळी काय पसंत करते ते झाडूनच कळते.

रत्नागिरी किंवा मालवणच्या नेमबाजाला ही केंद्रे गाठणे सहसा शक्य नसते, पण तीन-चार जणांनी मिळून वेगवेगळ्या लॉटांचे डबे आणले, आळीपाळीची वरची पद्धत वापरली आणि प्रत्येक लॉटच्या चाळीस-पन्नास गोळ्या शांत हवेत, वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडल्या, तर उघड वाईट लॉट नक्की गळतो. ज्यांच्या नावाने मावळंकर नेमबाजी स्पर्धा भरते आणि जे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते, त्या गणेश वासुदेव मावळंकरांचे घराणे मूळचे संगमेश्वराकडच्या मावळंगे गावचे. त्याच मुलखातल्या मुलांना त्या स्पर्धेच्या पात्रता गुणांसाठी धडपडताना पाहिले की त्यांच्या तुटपुंज्या काडतुसांतली प्रत्येक गोळी योग्य चाचणीतच खर्ची पडावी असे मनापासून वाटते. लॉट ठरला की परवान्याच्या मर्यादेत त्याच क्रमांकाची शक्य तितकी काडतुसे घ्यावीत आणि सराव दुसऱ्या, स्वस्त लॉटवर करावा.

स्वस्त काडतुसांसाठी मात्र एक साधी निवड जरूर करावी, आणि तिला गेज लागत नाही. डबा उघडल्यावर प्रत्येक काडतूस उजेडात फिरवून पाहावे. टोक चेपलेले, गोळी तिरकी बसलेली, रिमवर खाच किंवा हिरवट डाग असलेले, मेण एका बाजूला गोळा झालेले, अशी काडतुसे बाजूला ठेवावीत. त्यांतली गंजलेली किंवा पुंगळी चेपलेली झाडू नयेत. ती रेंज अधिकाऱ्याकडे द्यावीत. बाकीची साइटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या नेम जुळवण्याच्या फैरी, म्हणून किंवा साफ केलेली नळी पुन्हा मेणावर आणण्यासाठी वापरावीत, आणि वहीत लॉट क्रमांकाच्या पुढे त्यांची संख्या लिहावी; एका लॉटमध्ये ती वाढत गेली तर तो लॉट पुन्हा घेऊ नये.